महेश्वरची वाट आणि थरथरते चाक

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून महेश्वरला जाणे हा प्रवास मानला जात नाही. आजोळी जावे तसे आम्ही तेथे जातो. अहिल्याबाईंनी नर्मदेच्या काठावरून राज्याचा कारभार पाहिला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. राजधानी वर माळव्यात आली तरी मन खाली निमाडातल्या त्या घाटावर थोडे राहूनच गेले असावे. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे. सकाळी चहा घेऊन निघावे, नर्मदेत पाय बुडवावेत, लुगडी-साड्या पाहाव्यात आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

गेल्या कार्तिकात मी ही वाट पुन्हा केली. ती एका बिघाडामुळे लक्षात राहिली, आणि त्या बिघाडापायी माझ्या हातून जे होणार होते त्यामुळे अधिक लक्षात राहिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती आठशे आहे. वडील २०१२ साली गेले. गाडी राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण तीनदा झाले. ही गाडी कारखान्यात बनणे २०१४ च्या आरंभीच थांबले. पण आमच्या गल्लीत ती अजून सुखेनैव नांदते. पावसाळ्यानंतर मी तिचे चारही टायर बदलले. जुन्यांची नक्षी बरीच शिल्लक होती. परंतु बाजूंना बारीक भेगा पडल्या होत्या. टायर चालून झिजतो तसा नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. त्याच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवरचे आकडे दहा वर्षे मागचे होते.

नवे टायर बसले आणि त्याच दिवसापासून गाडीला हुडहुडी भरली. साठाच्या वेगापर्यंत सारे ठीक. साठ ओलांडले की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. सत्तरीला ती थरथर मनगटापर्यंत चढे. ऐंशीच्या पुढे न्यावे तर पुन्हा शांत. मी दुकानात परत गेलो. त्यांनी चाके यंत्रावर फिरवून दाखविली, आकडा शून्य आला. म्हणाले, अलाइनमेंट करून घ्या. ती केली, थरथर तशीच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला तरुण मुलगा हसून म्हणाला, “काका, टायर नवे आहेत. गाडी जुनी आहे. आता काय काय बदलणार?”

हे वाक्य मला पटले, याचेच आज नवल वाटते. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला की ते हेच सांगत, “बाबा, सव्वीस-सत्तावीस वर्षांची झाली, काढून टाका.” एक गिऱ्हाईक घरी येऊन गाडी पाहून गेले. सोमवारी व्यवहार करायचा ठरला. सौ.ला सांगितले, आईला सांगण्याचा धीर झाला नाही. आईचे वय शहाऐंशी. आणि नेमके त्याच आठवड्यात तिने म्हटले, “मला एकदा महेश्वरला ने. तुझ्या वडिलांबरोबर पहिल्यांदा या गाडीतून तिथंच गेले होते.”

शनिवारी जायचे ठरले. सौ. म्हणाली, “अहो, भाड्याची गाडी करू. स्टिअरिंग थरथरत असताना आईंना कशाला न्यायचं?” तिचे म्हणणे योग्य होते. मी मात्र चाकांचे नट पाना लावून पाहिले, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा भरली आणि पन्नास-पंचावन्नच्या वर जायचे नाही असा निश्चय केला. जुन्या गाडीची शेवटची फेरी जुन्या माणसासोबत व्हावी, हा त्यामागचा भावनेचा भाग. कारण न कळलेली थरथर घेऊन हमरस्त्यावर उतरणे हा अविचारच होता, हे आधीच कबूल करतो. वाचकांनी त्याचे अनुकरण करू नये.

राऊ मागे पडले. आग्रा-मुंबई रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. त्यावर पंचावन्नने चालणे म्हणजे लग्नाच्या वरातीत एकट्याने संथ पावले टाकण्यासारखे. मागून मालमोटारी कर्णे वाजवीत. महूचा फाटा गेला. दोन्ही बाजूंना माळव्याची काळी माती नुकती नांगरून गव्हासाठी तयार केलेली. एका लांब मालमोटारीला ओलांडताना काटा सत्तरीला गेला आणि स्टिअरिंगने आपला खेळ सुरू केला.

मागून आई म्हणाली, “अरे, तुझे हात कापताहेत का? वयाप्रमाणं तपासून घे हो.”

“हात नाही गं, गाडीच थरथरते आहे.”

“असं होय! मला इथं मागं काही जाणवत नाही.”

मी अडतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. आईच्या त्या वाक्यात अर्ध्या रोगाचे निदान होते, आणि ते मी वाऱ्यावर जाऊ दिले.

मानपूर सोडले की विंध्याचा उतार लागतो. इंदूर आणि महेश्वर यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरांचा फरक आहे. तो बहुतेक येथेच उतरून पार करावा लागतो. सागाची झाडे, खडकांच्या कडा, आणि वळणावळणाला बदलणारी हवा. माळव्याचा गारवा मागे राहतो आणि निमाडाची ऊब काचेतून आत येते. घाटात वेग कमी, त्यामुळे गाडी अगदी शहाण्यासारखी चालत होती. मन मोकळे झाले आणि शिक्षकी सवयीने हिशेब मांडू लागले.

या गाडीचे चाक लहान, बारा इंची रिमचे. टायरसकट त्याचा घेर सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर. ताशी सत्तर किलोमीटर वेगाने ते सेकंदाला बारा फेऱ्या घेते. रिमच्या कडेला एखाद्या बाजूस अवघे वीस ग्रॅम वजन जास्त असले, तर त्या वेगाला त्याची ओढ पावणेदोन किलोंच्या घरात जाते, आणि तीही सेकंदाला बारा वेळा दिशा बदलीत. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. मग ऐंशीच्या पुढे थरथर थांबते कशी? झोपाळ्यासारखे आहे ते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. लय चुकवून जोराने ढकलले तरी तितका जात नाही. चाक आणि त्याला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा यांनाही आपापली लय असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर भरास येते, पुढे गेल्या की ओसरते. म्हणूनच ठराविक वेगाला येणारी आणि त्यापुढे जाणारी थरथर बहुधा फिरणाऱ्या चाकातून येते. हे सारे मला ठाऊक होते. नवे टायर बसल्यादिवशीच ती सुरू झाली, हेही ठाऊक होते. तरीही “गाडी जुनी आहे” या तीन शब्दांनी माझे सारे विज्ञान गुंडाळून ठेवले होते.

घाट उतरून गुजरी मागे पडली. निमाडात कापूस फुटला होता. शेते पांढरी दिसत होती. सपाटीला लागताच वेग वाढला आणि हात पुन्हा थरथरू लागले. धामनोदला, महेश्वरचा फाटा येण्याआधी, रस्त्याकडेला टायरांची चळत रचलेले एक लहानसे दुकान दिसले. या वेळी सौ.ने निर्णय माझ्यावर सोडला नाही. “थांबवा इथं,” ती म्हणाली.

दुकानातले मिस्त्री साठीच्या पुढचे होते. त्यांनी प्रथम गाडीला हात लावला नाही. वैद्याने नाडीआधी विचारपूस करावी तशी प्रश्नांची मालिका सुरू केली. कब से? टायर बदलण्याआधी होते का? कोणत्या वेगाला? ब्रेक दाबल्यावर वाढते का? गाडी एका बाजूला ओढते का? आणि शेवटी, हाथ में आता है या सीट में?

प्रत्येक प्रश्नामागे एकेक वाट होती, हे त्यांनीच मग उलगडून सांगितले. ब्रेक दाबतानाच हादरे येत असतील तर पुढच्या ब्रेकची तबकडी वाकडी असण्याचा संभव. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेला झिजत असतील, तर अलाइनमेंट पाहावी. नुसत्या अलाइनमेंटने अशी थरथर सहसा येत नाही आणि जातही नाही. थरथर हातात येत असेल तर आधी पुढची चाके पाहावीत, सीटमधून येत असेल तर मागची.

“अम्माजी को पीछे कुछ लगा?” त्यांनी विचारले.

“काही नाही,” आई म्हणाली, “मी याला मघाशीच सांगितलं.”

मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाके काढून मागे लावली आणि मागची पुढे. नट समोरासमोरचे घेत, फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. एकाच बाजूने आवळत गेल्यास चाक तिरके बसते, आणि तेवढेही थरथरीला पुरते. मग ते माझ्याशेजारी बसले आणि खलघाटच्या दिशेने आम्ही चार किलोमीटर गेलो. साठ, पासष्ट, सत्तर. स्टिअरिंग जवळजवळ निवांत! मी श्वास सोडतो आहे तोच मागून आवाज आला, “अरे, आता ती माझ्याकडे आली रे!”

मिस्त्री खुश होऊन हसले. रोग चाकाबरोबर मागे गेला होता. म्हणजे तो इंजिनात नव्हता, स्प्रिंगांत नव्हता, गाडीच्या वयातही नव्हता. पुढे असलेल्या त्या दोन चाकांपैकी एकात होता. याला यंत्र लागले नाही, पैसा लागला नाही. अर्धा तास आणि एक जॅक एवढेच लागले. जिथे बदल केला तिथेच प्रथम पाहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवावी, हे मी किती वर्गांना शिकविले असेल!

पुढचे निदान पाहण्यासारखे होते. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे जॅकवर उचलल्यावर मागचे चाक हाताने मोकळे फिरते. मिस्त्रींनी टायरच्या पृष्ठभागाजवळ एक वीट उभी केली, तिच्यावर खडूचा तुकडा टेकवून धरला आणि चाक फिरविले. उजवे चाक खडूला सगळीकडे सारखे शिवले. डावे मात्र एका ठिकाणी खडूला घासे आणि उरलेल्या घेरात त्याच्यापासून दूर राही. चाक गोल फिरत नव्हते. प्रत्येक फेरीत एकदा उसळी घेत होते.

मग त्यांनी मला वाकून रिमच्या कडेला पाहायला सांगितले. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक उठावाची रेषा असते. टायर नीट बसला असेल तर ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसते. आमच्या टायरवर ती एका जागी रिमखाली जवळजवळ नाहीशी झाली होती. टायरची कड तेवढ्या भागात रिमवर पूर्ण चढलीच नव्हती. दुकानात घाईने हवा भरली गेली असावी, कडेला साबणाचे पाणी पुरेसे लागले नसावे, किंवा रिमवरचा जुना गंज खरवडलेला नसावा.

“मग यंत्रावर शून्य कसे आले?” मी विचारले.

त्यांचे उत्तर मला पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतके मोलाचे वाटले. यंत्र चाकाला अधांतरी फिरवते आणि वजन कुठे जास्त आहे एवढेच सांगते. चाक वाकडे बसलेले असले तरी समोर शिसे ठोकून वजन सारखे करता येते. परंतु रस्त्यावर त्याच चाकावर गाडीचा भार येतो, आणि उंचवटा दर फेरीला त्या भाराला उचलतो. तराजू बरोबर असला म्हणून फळ गोल असतेच असे नाही. आमच्या त्या एका चाकावर पंचेचाळीस ग्रॅम शिसे ठोकलेले होते. एवढे वजन लागले तेव्हाच दुकानदाराला शंका यायला हवी होती, असे मिस्त्रींचे मत पडले.

त्यांनी हवा पूर्ण सोडली, कड रिमवरून खाली ढकलली, तारेच्या ब्रशने रिम घासली, साबणाचे पाणी फिरविले आणि बेताबेताने हवा भरली. ‘टप्’ असा एकदा आवाज झाला, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. आता रेषा सर्वत्र सारखी दिसू लागली. जुनी वजने काढून चाक पुन्हा यंत्रावर चढविले, तर पंधरा ग्रॅमवर काम भागले.

मी पैसे काढू लागलो तेव्हा ते म्हणाले, “बाबूजी, रुकिए. आधी पुढे पाहू.” पुढचे चाक जॅकवर घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना हात धरून हलविले. उजव्या चाकाला किंचित खेळ होता. आतून हलकासा खटका ऐकू आला. वर-खाली धरून हलविले तेव्हा मात्र काही नाही. म्हणजे बेअरिंग ठीक. टाय रॉडचे टोक झिजलेले. हा दोष खरोखरच गाडीच्या वयाचा होता. थरथर त्याने निर्माण केली नव्हती. पण चाकाने दिलेली थरथर त्या खेळामुळे हातापर्यंत वाढून येत होती. शिवाय हे टोक निसटले तर स्टिअरिंगच हातचे जाते, त्यामुळे त्यावर उद्यापर्यंतही विसंबू नये असे त्यांनी बजावले.

मारुतीचा सुटा भाग मिळणे या देशात कधीच अवघड नव्हते. मुलगा दुचाकीवरून जाऊन अर्ध्या तासात तो घेऊन आला. जुना भाग काढताना मिस्त्रींनी त्याचे किती आटे आत होते ते मोजले आणि नवा तितकाच आत बसविला. तरीही इंदूरला पोचल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या, आता तिची खरी गरज आहे, असे सांगितले.

तेरा-चौदा किलोमीटरची ती महेश्वरची वाट पार करून किल्ल्याखाली पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. घाटाच्या पायऱ्या आईला उतरवेनात. ती वरच्या एका पायरीवर बसली, सौ.ने तांब्यातून नर्मदेचे पाणी आणले, ते तिने डोळ्यांना लावले. समोर पात्र शांत, विस्तीर्ण. पाठीमागे अहिल्येश्वराचे शिखर. १७९५ साली अहिल्याबाई गेल्या. त्यांनी बांधलेल्या पायऱ्यांवर आजही कुणी कपडे धुते, कुणी संध्या करते, कुणी नुसते बसून राहते.

नंतर एका विणकराच्या घरी साडी पाहायला गेलो. नातीसाठी घ्यायची होती. माग चालू होता. आम्ही बसलो असतानाच ताण्याचा एक धागा तुटला. विणकराने माग थांबविला, शेकडो धाग्यांतून बोटांनी नेमका तो शोधला, गाठ मारली आणि काम पुढे सुरू केले. आई बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत होती.

परत घाटाजवळ आल्यावर मी तिला सोमवारच्या व्यवहाराविषयी सांगितले. सांगताना मान खाली होती.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गाडी तुझी आहे. विकायची तर वीक. पण त्या माणसाला ती बिघडलेली म्हणून स्वस्तात देत होतास ना? आता काय झालं होतं ते सगळं त्याला सांग, आणि मग किंमत ठरव.” जरा थांबून तिने जोडले, “आणि मला आधी सांगितलं असतंस तर मी काही रडले नसते.”

हे दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त लागले. आई थकली आहे, तिला सोसवणार नाही, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. त्या दुकानातल्या मुलाने गाडीविषयी जे केले, त्याहून ते फार वेगळे नव्हते.

परतताना अंधार पडला. घाट चढून मानपूरला आलो, पुढे सपाट रस्ता लागला. मी मुद्दाम साठ ओलांडले, पासष्ट, सत्तर. दोन्ही हातांत स्टिअरिंग स्थिर होते. रस्त्याच्या सांध्यांचा तेवढा हलका ताल लागत होता. “आई, मागे काही जाणवतंय का?” मी विचारले. उत्तर आले नाही. सौ.ने वळून पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “झोपल्यात.”

रविवारी मी गिऱ्हाइकाला फोन केला. टायरची कड, खडू, वीट, टाय रॉडचे टोक, सारे यथासांग सांगितले. गाडी आता पूर्ण निर्दोष आहे, त्यामुळे किंमत थोडी वाढवावी लागेल, असेही म्हटले. त्या भल्या गृहस्थाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, गाडी एवढी चांगली आहे, तर मग विकता कशाला?”

याचे उत्तर मला देता आले नाही. गाडी अजून आमच्या अंगणात आहे.